राजीनामे पुष्कळ, येजितखत एकही नाही

बुलढाण्याहून मलकापूरच्या रस्त्याला लागलं की राजूरचा घाट येतो. घाट उतरताना बुलढाण्याची गार हवा मागे राहते आणि खाली उतरलं की कपाशीच्या पट्ट्यातली ऊब अंगाला जाणवायला लागते. मोताळ्याला पोचेपर्यंत रस्त्याच्या कडेला मक्याची कणसं वाळत पडलेली दिसली. सोयाबीनची मळणी चालू होती आणि कपाशीची बोंडं नुकती कुठे फुटायला लागली होती. दिवाळीच्या आधीचे हे दिवस शेतकऱ्याच्या हातात थोडेफार पैसे येण्याचे. उधाऱ्या फिटतात त्या याच दिवसांत.

संपादकांनी या वर्षी 'क्षमा' हा विषय दिला होता. त्यातही त्यांचा प्रश्न नेमका होता: पदावर असताना ज्यांनी लोकांच्या पैशाला हात लावला, त्यांना माफ करावं का? आणि करायचं तर ते कुणी करायचं? हा प्रश्न घेऊन मुंबईला किंवा दिल्लीला जाता आलं असतं. पण मुंबईतल्या मंत्र्यावर रागावणं सोपं असतं, कारण तो आपल्या दारावरून रोज जात नाही. तालुक्याच्या गावात आरोप असलेला माणूस आपल्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभा असतो. आपल्या घरात मयत झाली तर खांदा द्यायला तोच पुढे येतो. माफीची खरी कसोटी लागते ती अशा ठिकाणी. म्हणून मी मोताळ्याला आलो.

कासऱ्यानं मोजलेली नाली

मोताळा हे तालुक्याचं ठिकाण. तहसील, पंचायत समिती, नगरपंचायत, सगळं इथे आहे. पोलीस ठाणं मात्र लगतच्या बोराखेडीच्या नावाचं. धामणगाव बढे, पिंपळगाव देवी, रोहिणखेड, शेलापूर अशा गावांतून माणसं कामाला इथे येतात. बाजार, दाखला आणि तक्रार अशी तिन्ही कामं एका फेरीत उरकतात.

पंचायत समितीच्या आवारात एक शेतकरी भेटले. वय साठीच्या पुढचं. बियाण्याच्या कंपनीने फुकट दिलेल्या कापडी पिशवीत त्यांनी कागद जपून ठेवले होते. त्यांच्या गावाचं नाव इथे देत नाही, कारण चौकशी चालू आहे आणि कुणावर काही सिद्ध झालेलं नाही. त्यांची तक्रार सिमेंटच्या नालीची होती. माहितीच्या अधिकारात त्यांनी मापवहीची नक्कल काढली होती. मापवही म्हणजे अभियंत्याने जागेवर जाऊन लांबी-रुंदी-खोली लिहायची वही. बोलताना सगळे तिला 'एमबी' म्हणतात. वहीत लिहिलेली लांबी आणि गावातली नाली यांचा मेळ बसत नव्हता.

"मोजली कशी?" मी विचारलं.

"कासऱ्यानं. बैलाचा कासरा किती हाताचा, हे मले ठाऊक हाय. आधी टेपनं कासरा मोजला, मंग कासऱ्यानं नाली."

एवढ्या दोन वाक्यांत ग्रामपंचायतीच्या हिशेबाचं सगळं शास्त्र आलं. गावातलं काम कागदावर चार ठिकाणी उमटतं: ग्रामसभेच्या ठरावात, अंदाजपत्रकात, मापवहीत आणि रोकडवहीत, म्हणजे नमुना 5 मध्ये. अंदाजपत्रकाप्रमाणे काम झालं की अभियंता मोजमाप लिहितो, त्यावरून बिल निघतं आणि सरपंच व ग्रामसेवक यांच्या डिजिटल सह्यांनी पैसे ठेकेदाराच्या खात्यात जातात. ग्रामसेवकाला आता कागदोपत्री ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, गावाच्या तोंडी मात्र अजून ग्रामसेवकच आहे. सही करायचं डोंगल कुणाच्या खिशात असतं, हे गावाला माहीत असतं. सरपंचबाईंचं डोंगल त्यांच्या यजमानांच्या खिशात असतं, असंही पुष्कळ ठिकाणी ऐकायला मिळतं.

या चार कागदांत फट पडते ती बहुतेक मापवही आणि जमीन यांच्या मधे. आणि ती फट मोजायला कासरा पुरतो. घोटाळा कळायला गावाला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो त्यानंतरच्या गोष्टींना.

अर्जाचा प्रवास

सरपंच किंवा सदस्य गैरवर्तन करतो, कर्तव्यात कसूर करतो, अशी तक्रार असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 39 लागू होतं. गावात याला 'एकोणचाळीसची केस' म्हणतात. अर्ज मोताळ्यातून बुलढाण्याला जिल्हा परिषदेत जातो. मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करवतात. गटविकास अधिकाऱ्याचा अहवाल, विस्तार अधिकाऱ्याचा पंचनामा, दोन्ही बाजूंचे जबाब. मग कागद अमरावतीला विभागीय आयुक्तांकडे जातात. पदावरून दूर करायचा अधिकार त्यांचा. त्यांच्या आदेशावर शासनाकडे अपील करता येतं, आणि ते मुंबईत मंत्र्यांपुढे चालतं. तिथेही समाधान झालं नाही तर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहेच.

प्रत्येक टप्पा न्यायाचा आहे. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला सहजासहजी काढता येऊ नये, हे योग्यच आहे. पण मोताळ्यातल्या माणसाच्या बाजूने हा रस्ता पाहिला की त्याचं दुसरं रूप दिसतं. सरपंचाची मुदत पाच वर्षांची. तक्रार लक्षात येईपर्यंत दीड-दोन वर्षं गेलेली. चौकशी, सुनावणी, तारीख, स्थगिती. 'स्थगिती' हा शब्द या तालुक्यात 'निर्दोष' या अर्थाने वापरला जातो, हे मी अनेकांच्या बोलण्यात ऐकलं. "त्यायले स्टे भेटला" म्हटलं की विषय संपतो. आदेश कायम राहिला की फिरला, हे कळण्याआधी नवी निवडणूक लागते आणि फाईलच्या नशिबी कपाट येतं.

ही माफीच आहे. पण ती कुणी दिली, कुणालाच सांगता येत नाही. कुणाची सही नाही, तारीख नाही, कारण नाही. माफी मिळणाऱ्याने ती मागितलेलीही नसते.

पैशाचंही तसंच. पंचायतीच्या पैशाचं नुकसान झालं, अपव्यय झाला, तर जबाबदार माणसाकडून ती रक्कम वसूल करता येते, आणि ती दिली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. म्हणजे तलाठ्यापर्यंत गोष्ट जाते आणि सातबाऱ्यावर 'बोजा' चढू शकतो. बोजा हा शब्द शेतकऱ्याला फार चांगला कळतो. पीककर्ज थकलं की इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचं नाव बसतं आणि मुलीच्या लग्नाला जमीन काढायची म्हटली तरी आधी तो उतरवावा लागतो. पिशवीवाल्या शेतकऱ्याचा प्रश्न मला याच जागी घेऊन गेला. ते म्हणाले, "माह्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा हाय. त्यायच्या सातबाऱ्यावर नालीचा बोजा कव्हा चढंल?"

शेजारची घरकुलं

मोताळा तालुक्याची हद्द जळगाव जिल्ह्याला लागून आहे. सोयरिकी दोन्हीकडे आहेत, आणि जळगावच्या बातम्या इथे घरच्यासारख्या वाचल्या जातात. म्हणून माफीच्या गोष्टीत जळगावचं घरकुल प्रकरण आपोआप येतं.

1990 च्या दशकाच्या अखेरीस तेव्हाच्या जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीतल्या लोकांसाठी अकरा हजारांहून जास्त घरं बांधायची योजना आखली. हुडको या घरबांधणीला कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थेकडून कर्ज काढलं. ठेकेदाराला 29 कोटी रुपयांच्या घरात बिनव्याजी आगाऊ रक्कम दिली गेली, आणि ज्या जागांवर घरं उभी राहायची होती त्यांच्या परवानग्यांचाही पत्ता नव्हता. पूर्ण झाली ती सुमारे दीड हजार घरं. 2006 मध्ये तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली. 2012 च्या मार्चमध्ये माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक झाली. 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी धरलं. जैन यांना सात वर्षं तुरुंगवास आणि 100 कोटींचा दंड, माजी मंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षं, आणि इतरांना कमीजास्त शिक्षा. दोषींमध्ये बहुतेक नगरसेवक होते. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलं झाली, जामीनही मिळाले. अपील हा प्रत्येकाचा हक्क आहे.

माझं लक्ष मात्र मधल्या एका वर्षावर अडकतं. 2013 मध्ये जळगाव महापालिकेची निवडणूक झाली तेव्हा जैन तुरुंगात होते. तरी त्यांच्या खान्देश विकास आघाडीने 75 पैकी 33 जागा जिंकल्या आणि ती सर्वांत मोठा गट ठरली. पुढच्याच वर्षी, 2014 मध्ये, त्याच जळगावात विधानसभेला ते स्वतः उभे राहिले आणि हरले. आता यातलं माफीचं मत कोणतं आणि शिक्षेचं कोणतं? की दोन्ही वेळा लोक वॉर्डातला रस्ता, उमेदवाराची जात, पक्षाची हवा आणि ओळखीचा चेहरा पाहून मत देत होते?

मतपेटीतून माफी मिळाली, असं आपण फार लवकर म्हणून मोकळे होतो. मतपत्रिकेवर 'याला माफ करता का?' असा प्रश्न कधी छापलेला नसतो. आणि ज्यांना घर मिळायचं होतं ती कुटुंबं तर मतदारांतही थोडीच. मतांच्या बेरजेत त्यांचा होकार किंवा नकार वेगळा दिसत नाही. कर्जाचं ओझं मात्र सगळ्या शहरावर पडलं. हुडकोच्या थकबाकीपायी महापालिकेची बँक खाती गोठवण्याची पाळी आली. म्हणजे ज्याने घरकुलाचा अर्जही केला नव्हता, त्यानेही आपल्या खड्डे पडलेल्या रस्त्यातून या घोटाळ्याची किंमत मोजली.

बँकेच्या खिडकीपाशी

मोताळ्यात लोकांनी सगळ्यात जास्त वेळ ज्यावर बोलून दाखवलं ते मात्र जळगाव नव्हतं. ती आपली जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक होती.

ज्यांचं शेतीशी नातं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गावात सेवा सोसायटी असते. तिचा गटसचिव शेतकऱ्यांच्या कर्जाचे कागद करतो, सोसायटी जिल्हा बँकेकडून पैसे उचलते आणि पेरणीच्या तोंडावर पीककर्ज हातात येतं. शिक्षकांचे पगार, पतसंस्थांच्या ठेवी, म्हातारपणासाठी ठेवलेली पुंजी, सगळं या एका बँकेत. बँकेचे संचालक म्हणजे तालुक्यातले पुढारी. त्यामुळे बँक आणि राजकारण यांच्यामध्ये भिंत नव्हतीच.

मे 2012 मध्ये रिझर्व्ह बँकेने बुलढाणा जिल्हा बँकेवर निर्बंध आणले. नागपूर आणि वर्धा जिल्हा बँकांचीही तीच गत झाली. नवीन ठेवी घेता येईनात आणि आधीच्या ठेवी लोकांना मिळेनात. थकलेल्या कर्जांनी बँकेचं भांडवल खाऊन टाकलं होतं. नोव्हेंबर 2014 मध्ये केंद्राने देशभरातल्या परवाना नसलेल्या 23 जिल्हा बँकांसाठी 2,375 कोटींची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. महाराष्ट्रातल्या तीन बँका तिच्यात होत्या: नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. केंद्र, राज्य आणि नाबार्ड यांनी मिळून पैसे घातले. बँक वाचली. ते गरजेचं होतं, आणि मी त्याविरुद्ध एक शब्दही बोलणार नाही.

पण याचा अर्थ नीट पाहायला हवा. बुडालेलं भांडवल सरकारी तिजोरीतून भरलं गेलं. म्हणजे करदात्याने भरलं, त्यात ठेवीदारही आला. मधल्या वर्षांत पीककर्ज न मिळालेला शेतकरी सावकाराकडे गेला. तिथलं व्याज त्याला कोणत्याही योजनेतून परत मिळालं नाही. कर्ज थकवणाऱ्या संस्था कुणाच्या, वाटप करणारे कोण, याची चर्चा पारावर होते, पण ठेवीदारांसमोर उभं राहून "आमचं चुकलं" असं बोललेला माणूस मला कुणी दाखवू शकलं नाही. बँकेच्या आवारात आपल्या पुस्तकाच्या शिक्क्यांवरून बोट फिरवत एक आजी म्हणाल्या, "पैसा आला बावा माहा. पण तव्हाची गरज गेली निंघून." त्यांच्या यजमानांच्या आजारपणासाठी ती रक्कम होती.

नागपूर बँकेचं प्रकरण तर त्याहून जुनं. 2001-02 मध्ये बँकेने दलालांमार्फत सरकारी रोख्यांत पैसे घातले. पैसे गेले आणि रोखे आलेच नाहीत. दीडशे कोटींच्या आसपास रक्कम बुडाली. तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार पुढे राज्यात मंत्री झाले. 22 डिसेंबर 2023 रोजी न्यायालयाने त्यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्यांची सावनेरची आमदारकी गेली. 2013 च्या लिली थॉमस निकालापासून दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की लोकप्रतिनिधीचं सदस्यत्व तत्काळ जातं, म्हणून हे लगेच घडलं. फिर्याद 2002 ची, निकाल 2023 चा. एकवीस वर्षं. ज्या शेतकऱ्याची ठेव होती त्याचा नातू या काळात कॉलेजात गेला असेल. 2024 च्या निवडणुकीत सावनेरमधून केदार यांच्या पत्नी उभ्या राहिल्या आणि हरल्या. लोकांनी काय ठरवलं, याचं उत्तर तिथेही एका वाक्यात सांगता येत नाही.

शिक्का चुकीचा असेल तर

इथवर आल्यावर एका गोष्टीची आठवण स्वतःलाच करून द्यावी लागते. आरोप झालेला प्रत्येक माणूस दोषी नसतो. आणि गावात कुणावर आरोप लवकर चिकटतो, तेही आपल्याला ठाऊक आहे.

जळगाव जिल्ह्यातलंच, पारोळा तालुक्यातलं विचखेडे. तिथे एक महिला सरपंच निवडून आल्या. त्या सरकारी जागेवर बांधलेल्या घरात सासूबरोबर राहतात, अशी तक्रार झाली. अतिक्रमणाच्या कारणावरून जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवलं आणि विभागीय आयुक्तांनी तो आदेश कायम केला. त्या सांगत होत्या की आपण त्या घरात राहतच नाही, वेगळं राहतो. उच्च न्यायालयात तांत्रिक कारणावरून दाद लागली नाही. अखेर 27 सप्टेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं पद परत दिलं. गावाला बाई सरपंच म्हणून पचली नाही, आणि अधिकाऱ्यांच्या प्रत्येक पायरीवर कारण नीट न तपासता तिला दूर केलं गेलं, असा त्या निकालाचा रोख होता.

रायगडमधल्या उरणच्या नगराध्यक्षांच्या प्रकरणातही, 2012 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं होतं: निवडून आलेल्या माणसाला काढणं ही किरकोळ प्रशासकीय बाब नाही, त्याला कलंक लागतो आणि त्याला निवडून देणाऱ्यांचाही हक्क हिरावला जातो.

ही दोन्ही प्रकरणं मी मुद्दाम घरकुल आणि बँक यांच्या शेजारी ठेवतो. विचखेड्याच्या सरपंचांना माफीची गरजच नव्हती. त्यांना हवा होता न्याय, आणि तो वेळेवर. आरोपाची शहानिशा कधीच पुरी होत नाही, तेव्हा दोषी सुटतो आणि निर्दोष माणूस आयुष्यभर 'त्या केसमधला' म्हणून ओळखला जातो. चौकशी वेळेत आणि उघड झाली तर त्यातून दोघांचंही भलं होतं. माफीचा विचार त्यानंतरचा.

माफी देणारा कोण

कायद्यात माफी आहे. राज्यघटनेच्या कलम 161 ने राज्यपालांना शिक्षा माफ करण्याचा, कमी करण्याचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्रात या अधिकाराची सगळ्यात गाजलेली गोष्ट कमांडर नानावटींची. आपल्या पत्नीच्या प्रियकराच्या खुनाबद्दल जन्मठेप झालेल्या या नौदल अधिकाऱ्याला 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. त्याच वेळी भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही माफी मिळाली. त्यांना आयात परवान्याच्या गैरवापराबद्दल शिक्षा झाली होती. दोन्ही माफ्या एकत्र दिल्या त्या कोणत्या हिशेबाने, यावर आजवर भरपूर लिहिलं गेलं आहे. मला त्यातली एक बाब सगळ्यांत मोलाची वाटते. नानावटींची माफी देण्यापूर्वी मृत प्रेम आहुजाची बहीण मॅमी आहुजा हिची लेखी संमती घेतली गेली. जिचा भाऊ गेला, तिला विचारलं गेलं.

पैशाच्या गुन्ह्यात असं कुणाला विचारायचं? तिथेच गाडं अडतं. एका घरातला माणूस गेला तर ते घर दिसतं. पंचायतीचे दोन लाख गेले तर ते सगळ्यांचे गेले, म्हणजे बघता बघता कुणाचेच गेले नाहीत असं होतं.

वरच्या पातळीवर अपात्रतेतूनही सुटका मिळते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 11 ने निवडणूक आयोग अपात्रतेचा काळ कमी करू शकतो. सिक्कीमचे प्रेमसिंग तमांग यांना भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात एक वर्षाची शिक्षा झाली होती. सप्टेंबर 2019 मध्ये आयोगाने त्यांची सहा वर्षांची अपात्रता एक वर्ष एक महिन्यावर आणली, आणि तेव्हा ते मुख्यमंत्री होते. महाराष्ट्राने काळाच्या ओघातल्या माफ्याही पाहिल्या आहेत. सिमेंट प्रकरणात न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतर जानेवारी 1982 मध्ये ए. आर. अंतुले यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. पुढे ते खटल्यातून सुटले आणि 2006 मध्ये केंद्रात मंत्री झाले. एम.डी. परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणावरून 1986 मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलेले शिवाजीराव पाटील निलंगेकर नंतर राज्यात महसूलमंत्री होऊन परतले.

लोकांना न विचारता माफी वाटली तर काय होतं, ते रुमानियाने 2017 मध्ये दाखवलं. तिथल्या सरकारने रात्रीतून वटहुकूम काढला: पदाच्या गैरवापराने झालेलं नुकसान ठरावीक रकमेच्या खाली असेल तर तो गुन्हाच नाही. कडाक्याच्या थंडीत लाखो माणसं चौकात उतरली, रोज रात्री. आठवड्याच्या आत वटहुकूम मागे घ्यावा लागला. त्या माणसांचं म्हणणं साधं होतं: पैसे आमचे गेले, मग तुम्ही माफ करणारे कोण?

तहकूब सभा

हा प्रश्न विचारायची जागा आपल्या कायद्यात आहे, आणि ती राजभवनापेक्षा पुष्कळ जवळ आहे. ती म्हणजे ग्रामसभा. वर्षातून किमान चार वेळा ती भरायला हवी. 2017 नंतर जिथे सरपंच थेट जनतेतून निवडला जातो तिथे अविश्वास ठराव सदस्यांच्या तीन चतुर्थांश बहुमताने झाला तरी पुरत नाही. ग्रामसभेत गुप्त मतदानाने गावाने त्यावर शिक्कामोर्तब करावं लागतं. म्हणजे या माणसावर अजून भरवसा आहे का, हा प्रश्न गावाला समोरासमोर विचारला जातो. राज्याच्या राजकारणात असा सरळ प्रश्न कुठेच विचारला जात नाही.

तालुक्यातल्या एका गावात मी सभा बघायला गेलो. पंचायतीच्या ओट्यावर सतरंजी, एक टेबल, गांधीजींची तसबीर, आणि रजिस्टर. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं लागतात, यातली जी संख्या कमी असेल ती. माणसं जमली तीस-पस्तीस. बाकीची सोयाबीनच्या मागे होती. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हे गावातल्या पोराठोरांनाही ठाऊक आहे. त्यामुळे महत्त्वाचे ठराव तहकूब सभेत होतात, आणि त्यातले काही सह्या घरोघर फिरवून होतात.

विषयपत्रिकेवर घरकुलाची यादी होती, पाणीपट्टी होती, वृक्षलागवड होती. लेखापरीक्षणातल्या आक्षेपांचं काय झालं, किती वसुली निघाली, किती भरली गेली, हा विषय नव्हता. तो एक विषय प्रत्येक सभेत लिहून आला आणि मोठ्याने वाचला गेला तर माफीबद्दल बोलायला काही आधार तरी राहील. माझ्या मते या सगळ्या लेखातली ही एकच मागणी आहे. ती पुरी करायला नवा कायदा लागत नाही, आणि पैसेही लागत नाहीत.

जाऊ द्या, हा शब्द मात्र मी सगळीकडे ऐकला. "जाऊ द्या ना भाऊ, आपलाच मानूस हाय." त्यात भीती असते, सोयरीक असते, मोठ्या माणसाच्या वाट्याला न जाण्याचं शहाणपण असतं. आणि खरीखुरी माणुसकीही असते. गावाला एकत्र राहायचं असतं. एकाच विहिरीवर, एकाच मळणीयंत्राच्या नंबरात. त्या माणुसकीला मी कमी लेखत नाही. मला एवढंच वाटतं की तिचा उपयोग फार फुकटात होतो आहे.

हरलेल्याने लिहून द्यायचं पत्र

जुन्या मराठी कागदपत्रांत याचं एक सुंदर उत्तर सापडतं. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा, हद्दीचा तंटा गोतसभेपुढे आला की दोन्ही पक्ष आधी 'राजीनामा' लिहून देत. तेव्हा राजीनाम्याचा अर्थ पद सोडणं असा नव्हता. गोत जो निवाडा करील तो आम्हाला राजी, हा त्याचा अर्थ. निवाडा झाला, महजर म्हणजे निवाड्याचा कागद तयार झाला, की हरलेल्या पक्षाकडून आणखी एक कागद घेतला जाई. त्याला म्हणत येजितखत. आपण खोटे पडलो, आपला दावा चालला नाही, हे हरलेला स्वतः लिहून देई. त्याशिवाय तंटा पुरा मिटला असं मानलं जात नसे.

आपण त्यातला राजीनामा ठेवला आणि त्याचा अर्थ बदलला. नैतिक जबाबदारी स्वीकारून, पक्षश्रेष्ठींच्या आदेशाने, तब्येतीच्या कारणाने, असे राजीनामे आपण वर्षानुवर्षं वाचतो. येजितखत मात्र हरवलं. त्यामुळे आज माफ करायला कुणी तयार झाला तरी नेमकं काय माफ करायचं, हेच कुठे लिहिलेलं नसतं. कबुलीशिवाय माफी दिली तर तिला विसर म्हणतात.

परतताना पिशवीवाल्या शेतकऱ्यांना विचारलं, उद्या त्या माणसाने पैसे भरले आणि चूक मान्य केली तर तुम्ही काय कराल? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग काय. मंग चहा पिऊ की संगं. पन आधी लिहून दे मना, अन् सभेत वाच मना."

राजूरचा घाट चढताना मी मनात तो कागद लिहून पाहिला. तो काही मोठा होत नाही.

'मी, अमुक गावचा माजी सरपंच, ग्रामसभेपुढे लिहून देतो की माझ्या काळात नालीचं काम मापवहीत जेवढं दाखवलं तेवढं झालं नाही. फरकाची रक्कम मी पंचायतीत भरली आहे, पावती सोबत जोडली आहे. पावसाचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांची मी माफी मागतो.'

खाली सही, तारीख, दोन साक्षीदार. आणि त्याखाली ग्रामसभेच्या ठरावासाठी थोडी जागा. तिथे काय लिहायचं, ते ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांनी ठरवायचं.